फेस, साका आणि पापुद्रा : घरच्या बिअरविषयी वाचकांची पत्रे

या वेळच्या टपालातली बहुतेक पत्रे एकाच धास्तीपोटी लिहिलेली आहेत. घरी आंबवायला ठेवलेली बिअर मनात होती तशी दिसत नाही, तेव्हा ती बिघडली असे धरून ओतून द्यावी काय, असे बहुतेकांनी विचारले आहे. त्यांतली निवडक पत्रे उत्तरांसह पुढे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी पहिल्यांदाच वीस लिटर बिअर घातली आहे. माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) अर्कापासून केलेल्या वॉर्टमध्ये, म्हणजे आंबवायच्या गोड द्रवात, कोरडे एल यीस्ट (साध्या खोलीच्या तापमानात आंबणाऱ्या बिअरचे यीस्ट) घातले, त्याला आज पाचवा दिवस आहे. पहिले दोन दिवस वर चांगला जाड फेस होता, तिसऱ्या दिवशी तो खाली बसला. आता भांड्याच्या कडेला तपकिरी, चिकट थर जमला आहे, वर मळकट पांढरी बेटे तरंगत आहेत आणि एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झाकणावरच्या झडपेतून) कालपासून एकही बुडबुडा आलेला नाही. हे सगळे फेकून द्यावे लागेल काय?

उत्तर : मुळीच नाही. आपण लिहिलेली तिन्ही लक्षणे व्यवस्थित चाललेल्या किण्वनाचीच आहेत. यीस्ट साखरेपासून मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार करते. हा वायू वर येताना माल्टमधील प्रथिने, हॉप्समधील (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधील) कडू राळ आणि यीस्टच्या पेशी आपल्याबरोबर उचलून आणतो, आणि त्यांचा जो जाड, सायीच्या रंगाचा, अधूनमधून तपकिरी डाग असलेला फेस होतो त्याला बिअर करणारे लोक ‘क्रॉयझन’ या जर्मन नावाने ओळखतात. वायूचा जोर ओसरला की फेस बसतो आणि त्यातला राळेचा व प्रथिनांचा भाग भांड्याच्या कडेला चिकटून वाळतो. तो थर कितीही घाणेरडा दिसला तरी निरुपद्रवी असतो; चवीला मात्र फार कडू असतो, म्हणून खरवडून पुन्हा बिअरमध्ये पाडू नये.

पांढऱ्या बेटांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण याच बेटांपायी मी स्वतः एकदा धडधाकट बिअर ओतून दिली होती आणि त्याची रुखरुख अजून जात नाही. ती बेटे म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या यीस्टचे पुंजके असतात. आत अडकलेल्या वायूमुळे ते वर तरंगतात आणि वायू सुटला की आपोआप तळाला जातात. बॅटरीचा झोत तिरका पाडून पाहिल्यास हे पुंजके ओलसर, गुळगुळीत आणि पिठूळ दिसतात; त्यांच्या कडा विरघळत चाललेल्या असतात आणि भांडे दोन्ही हातांनी अगदी हळू हलवले तर त्यांचे तुकडे होऊन काही तुकडे आपल्या डोळ्यांदेखत खाली जातात. बुरशी अशी वागत नाही. तिला लव असते, ती कोरडी असते आणि तिची गोल ठिपकी हलवल्यावरही वरच राहतात.

राहिला प्रश्न एअरलॉकचा. त्यातले बुडबुडे मोजण्याची सवय नव्याने बिअर करणाऱ्या प्रत्येकाला लागते, पण ती लवकर सोडलेली बरी. वायू वाट मिळेल तिथून निघून जातो. झाकणाचे रबर जरा सैल बसले असले तरी आत जोरात किण्वन चालू असताना एअरलॉक निपचित राहू शकतो. उलट, काम केव्हाच संपलेल्या बिअरचे तापमान दोन-तीन अंशांनी चढले की तिच्यात विरघळलेला वायू सुटू लागतो आणि एअरलॉक पुन्हा बुडबुडू लागतो, तेव्हा किण्वन नव्याने सुरू झाले असा समज होतो. शिवाय १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमानात एल यीस्टचे मुख्य काम तीन ते पाच दिवसांत उरकते, हे लक्षात घेता आपल्या भांड्यातली शांतता अगदी वेळेवर आलेली आहे.

खात्री हवी असेल तर हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी, वापरावा. यीस्ट घालण्यापूर्वी विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता; साखर आंबते तसे ते उतरते) समजा १.०४८ होते आणि आता ते १.०१२ च्या आसपास आले असेल, तर साखरेचा जेवढा भाग आंबायला हवा होता तेवढा आंबला आहे. या दोन आकड्यांतील फरकाला १३१.२५ ने गुणले की मद्यार्काचे प्रमाण मिळते, ते या उदाहरणात सुमारे ४.७ टक्के येईल. मात्र नमुना रोज काढू नये. जोराच्या दिवसांत बिअरवर वायूचे जे आवरण असते ते फेस बसल्यावर पूर्वीच्या वेगाने भरून निघत नाही, आणि झाकण उघडण्याच्या प्रत्येक खेपेला हवा आत शिरते. आपण भांडे आणखी आठवडाभर तसेच बंद राहू द्यावे आणि मग पहिला नमुना काढावा.

प्रश्न : काचेच्या भांड्यात बिअर ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी आतला द्रव उकळल्यासारखा खालीवर होत होता आणि त्यात अंड्याच्या पांढऱ्यासारखे तुकडे फिरत होते. आता सातव्या दिवशी वरचा भाग गडद आणि खालचा फिकट, गढूळ असे दोन रंग दिसत आहेत. हे काय आहे?

उत्तर : ते तुकडे म्हणजे उकळलेले वॉर्ट गार करताना गोठून वेगळी झालेली प्रथिने आणि त्यांच्यासोबत फिरणारे यीस्ट. वायूच्या प्रवाहाने सगळा द्रव ढवळला जातो, म्हणून तो उकळल्यासारखा भासतो; हे दृश्य पाहायला मिळणे ही काचेच्या भांड्याची खरी मौज आहे. दोन रंगांचे कारणही साधे आहे. तरंगणाऱ्या यीस्टमुळे बिअर फिकट आणि मातकट दिसते. यीस्ट वरून खाली बसत जाते तसा वरचा भाग आधी निवळतो आणि आपल्या मूळ गडद रंगावर येतो. काही दिवसांत ही सीमारेषा तळापर्यंत उतरेल. भांड्यावर जाड कापड घालून ठेवावे, कारण उजेडाने हॉप्समधील कडू घटकांचे विघटन होऊन बिअरला उग्र दर्प येतो.

प्रश्न : ११ अंश तापमानात लागर (थंडीत आंबवायची बिअर) घातली आहे. पहिले दोन दिवस काहीच हालचाल नव्हती. तिसऱ्या दिवशी थोडा फेस आला आणि आता खोलीत शिरताच सडक्या अंड्यांचा वास येतो. दोन्ही गोष्टी घाबरवणाऱ्या वाटतात.

उत्तर : दोन्ही गोष्टी लागरच्या बाबतीत नेहमीच्या आहेत. थंडीत यीस्ट सावकाश वाढते, त्यामुळे फेस दिसायला ४८ तास लागणे स्वाभाविक आहे. त्या वासाचे कारण हायड्रोजन सल्फाइड हा वायू. लागर यीस्ट तो एल यीस्टपेक्षा बराच जास्त तयार करते. कार्बन डायऑक्साइडबरोबर तो बाहेर निघून जातो आणि थंडीत मुरत ठेवल्यावर उरलासुरला वासही जातो. इतर वासांवरूनही घाईने निष्कर्ष काढू नये. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास हा अ‍ॅसिटाल्डिहाइडचा असतो आणि तो बहुधा बिअर अजून कोवळी असल्याची खूण असते. लोण्याचा वास डायअसिटिलचा. लागर संपत आली की दोन-तीन दिवस तापमान १६ ते १८ अंशांवर नेल्यास यीस्ट स्वतःच ते परत शोषून घेते. गव्हाच्या बिअरच्या यीस्टमधून येणारा केळ्याचा आणि लवंगेचा वास तर हवाच असतो. चिंता करायला लावणारा वास एकच, तो म्हणजे नाकात झोंबणारा व्हिनेगरचा वास, आणि तो पहिल्या आठवड्यात क्वचितच येतो.

एका गोष्टीबाबत मात्र मी आपल्याला स्पष्टपणे सावध करतो. तीन दिवस, म्हणजे ७२ तास, उलटूनही फेस नाही, वास नाही आणि हायड्रोमीटरचा आकडाही जागचा हललेला नाही असे झाले, तर वाट पाहू नये. ताजे यीस्ट लगेच घालावे. न आंबलेले वॉर्ट गोड असते, त्यात मद्यार्क नसतो आणि त्याचा सामू (आम्लतेचा आकडा; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) पाचच्या वर असतो, त्यामुळे ते जिवाणूंना मोकळे रान असते. किण्वन सुरू झाल्यावर सामू साधारण ४ ते ४.५ पर्यंत उतरतो आणि मद्यार्कही तयार होतो, तेव्हाच बिअर स्वतःचे रक्षण करू लागते. आठवडाभर तसेच पडून राहिलेले वॉर्ट यीस्ट घालून वाचवण्याच्या फंदात पडू नये. ते टाकून द्यावे.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी घातलेल्या बिअरमध्ये नंतर हॉप्स टाकले आणि त्या निमित्ताने झाकण चार-पाच वेळा उघडले. आता वर दुधावरच्या सायीसारखा पातळ पांढरा पापुद्रा आला आहे, त्याला सुरकुत्या आहेत आणि त्याच्याखाली मोठे बुडबुडे अडकलेले दिसतात. हेही यीस्टच असेल का?

उत्तर : आपले वर्णन इतके नेमके आहे की या खेपेला मला दिलासा देता येत नाही. सुरकुतलेला, सलग पसरलेला आणि बुडबुड्यांवर ताणलेला पापुद्रा हे बिअरमध्ये आपण न घातलेल्या सूक्ष्मजीवांनी घर केल्याचे लक्षण आहे. ते ब्रेटनोमायसिससारखे रानटी यीस्ट असेल किंवा आम्ल तयार करणारे जिवाणू असतील; वरच्या मोकळ्या जागेत ऑक्सिजन पोचला की ते पृष्ठभागावर असा थर धरतात. झाकण वारंवार उघडल्याने त्यांना तो मिळाला.

तरीही निर्णयापूर्वी एक पडताळणी करावी, कारण हॉप्स घातल्यानंतर पृष्ठभाग फसवा दिसतो. हॉप्सच्या पाल्याचा हिरवट चुरा वर साचतो आणि त्यांतल्या तेलाचा चकाकणारा तवंगही येतो. निर्जंतुक केलेल्या चमच्याचे टोक पृष्ठभागाला हळूच लावावे. चुरा आणि तवंग बाजूला सरतात आणि मधले पाणी मोकळे होते. पापुद्रा मात्र चमच्याबरोबर ओढला जातो, त्याला घडी पडते आणि फाटला तर फाटलेली कड दिसते. यीस्टच्या बेटांच्या मधूनमधून काळसर द्रव दिसत असतो, तर पापुद्रा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत अंथरलेला असतो. हा फरक एकदा पाहिला की पुन्हा विसरला जात नाही.

पापुद्राच असल्याचे ठरले तर पुढचा निर्णय नाक आणि जीभ यांच्यावर सोपवावा. माल्टपासून केलेली, हॉप्ससह उकळलेली आणि नीट आंबलेली बिअर आम्ल आणि मद्यार्कयुक्त असल्याने तीत रोगकारक जिवाणू सहसा वाढत नाहीत. त्यामुळे चमचाभर चाखून पाहण्यास हरकत नाही. व्हिनेगरसारखी लागली तर ती सुधारणार नाही. किंचित आंबट पण एरवी स्वच्छ लागली तर पापुद्र्याखालून नळीने काढून, थंड ठेवून लवकर संपवता येईल. ती बाटल्यांत भरून महिनोन्‌महिने ठेवू नये, कारण आपल्या यीस्टने सोडून दिलेल्या साखराही हे रानटी सूक्ष्मजीव खात राहतात आणि बाटलीतला दाब वाढत जातो. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे कमी झाली आहे त्यांनी मात्र अशी बिअर चाखूही नये.

निळी, हिरवी, काळी किंवा गुलाबी, लव असलेली बुरशी दिसली तर मात्र चाखणेही नको आणि वरचा थर काढून खालचे वापरणेही नको. बुरशीची विषे द्रवात उतरलेली असू शकतात. सगळे ओतून द्यावे. नंतर प्लास्टिकचे भांडे ओरखड्यांसाठी तपासावे, ओरखडे असतील तर ते भांडे बाद करावे. नळ्या आणि रबरी चकत्या बदलाव्यात, तोटी पूर्ण सुटी करून धुवावी. संसर्ग पुन्हा पुन्हा होतो तो बहुतेक वेळा तोटीच्या आत वाळलेल्या साक्यामुळे, असे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

येथे इतिहासातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. बिअर बिघडते ती नको असलेल्या सूक्ष्मजीवांमुळे, हे लुई पाश्चर यांनी सूक्ष्मदर्शकातून दाखवून देणारा आपला अभ्यास १८७६ साली प्रसिद्ध केला, आणि १८८३ साली एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट कारखान्यात वापरात आणले. त्याआधीच्या मुरलेल्या कारागिरांनाही नुसत्या नजरेने चांगले यीस्ट आणि वाईट यीस्ट वेगळे काढता येत नव्हते. त्यामुळे पहिल्याच खेपेला आपली नजर फसली तर त्यात वावगे काही नाही.

प्रश्न : सुरुवातीचे गुरुत्व १.०५० होते. बारा दिवस झाले तरी माझे रिफ्रॅक्टोमीटर १.०२६ च दाखवते. किण्वन अडकले आहे असे समजून पुन्हा यीस्ट घालू का?

उत्तर : आधी हायड्रोमीटरने मोजावे. रिफ्रॅक्टोमीटर प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखरेचा अंदाज करते आणि मद्यार्क त्या वक्रीभवनात भर घालतो, म्हणून किण्वन सुरू झाल्यावर त्याचा आकडा खऱ्यापेक्षा बराच मोठा येतो. आपल्या दोन आकड्यांना नेहमीचे दुरुस्तीचे सूत्र लावल्यास खरे गुरुत्व सुमारे १.०११ निघते, म्हणजे बिअर जवळजवळ पूर्ण झालेली आहे. हायड्रोमीटर वापरतानाही नमुन्यातला वायू ढवळून घालवावा, कारण नळीला चिकटलेले बुडबुडे तिला उचलून धरतात. तसेच २० अंशांसाठी आखलेली नळी ३० अंशांच्या नमुन्यात ०.००२ ते ०.००३ ने कमी वाचन देते.

हायड्रोमीटरही १.०२५ च्या वरच थांबला तर किण्वन खरोखर अडकले आहे असे म्हणावे. भांडे हळूहळू २० ते २२ अंशांवर आणावे आणि तळाचे यीस्ट उठेल इतपतच, हवा न मिसळता, भांडे गोल फिरवावे. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. माल्ट भिजवताना पाणी ६८ ते ७० अंशांवर राहिले असेल तर न आंबणाऱ्या साखरा जास्त तयार होतात आणि मग कोणतेही यीस्ट घातले तरी आकडा फारसा खाली येत नाही. हे ओळखण्यासाठी एक पेलाभर नमुना घेऊन त्यात सढळ हाताने ताजे यीस्ट घालावे आणि दोन दिवस उबेत ठेवावा. तो जिथे थांबेल तोच आपल्या बिअरचा शेवट असतो.

प्रश्न : विचित्र दिसणाऱ्या घरच्या बिअरमध्ये मिथेनॉल हा विषारी मद्यार्क असू शकतो का?

उत्तर : दिसण्याचा आणि मिथेनॉलचा काही संबंध नाही. मिथेनॉल मुख्यतः फळांमधील पेक्टिनपासून निर्माण होते. माल्टमध्ये पेक्टिन अत्यल्प असल्याने बिअरमध्ये ते नगण्य असते. नुसते आंबवल्याने ते एकवटतही नाही. आंबवलेला द्रव गाळून त्याची दारू काढणे ही वेगळीच आणि धोक्याची गोष्ट आहे. ती घरी कोणी करू नये.

प्रश्न : बिअर निवळ दिसते, फेस नाही, वास चांगला आहे. दहावा दिवस आहे. आता बाटल्यांत भरू का?

उत्तर : निवळ दिसणे हा बाटल्यांत भरण्याचा आधार होऊ शकत नाही. यीस्ट तळाला बसले तरी साखर शिल्लक असू शकते आणि ती बाटलीत आंबली तर काच फुटते. फुटणाऱ्या काचेने डोळ्याला आणि हाताला गंभीर इजा होते, म्हणून या सदरातील सगळ्या उत्तरांपैकी याच उत्तरात मी आग्रह धरतो. गुरुत्व आज मोजावे आणि तीन दिवसांनी पुन्हा मोजावे. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आणि अपेक्षित टप्प्यात आले तरच बाटल्या धुवायला घ्याव्यात. फेसासाठी घालायची साखर तागडीवर तोलावी. लिटरला ५ ते ७ ग्रॅम साखर नेहमीच्या एलला पुरते, आणि ती उकळून, गार करून सगळ्या बिअरमध्ये सारखी मिसळावी. एक बाटली प्लास्टिकची भरावी. ती दाबून पाहता येते आणि दगडासारखी टणक झाली की उरलेल्या बाटल्या ताबडतोब थंडीत हलवायच्या आहेत हे न उघडता कळते.